ठराव झाला, करंडा अजून घुटमळतो

महोदय,

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, याचे तेव्हा मोठे कौतुक झाले. प्रत्यक्षातला अनुभव निराळा आहे. पतीच्या निधनानंतर मी टिकली लावणे सोडले नाही, हिरव्या बांगड्याही ठेवल्या. त्यात बंडखोरी नव्हती, आरशात ओळखीचा चेहरा दिसला की दिवस बरा जातो, एवढेच. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवात करंडा घेऊन आलेल्या शेजारीणबाई माझ्यापुढे क्षणभर घुटमळल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. वाण मात्र आठवणीने हातात दिले. त्या सुशिक्षित आणि एरवी अतिशय प्रेमळ आहेत, म्हणूनच हे अधिक लागले. शोकातून सावरण्यासाठी समुपदेशन घ्या असे सुचवणाऱ्यांनी (सूचना रास्तच आहे) बाईला चारचौघींत बाजूला सारल्याने मन किती खचते, याचाही विचार करावा. शहरांतील महिला मंडळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी येत्या श्रावणाआधी हेरवाडसारखाच ठराव करावा आणि तो सूचनाफलकावर लावावा.

— एक वाचक, मिरज