मुक्कामी गाडीची रात्र

अंबाजोगाई

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीला आलास तेव्हा बॅगेत मावलं नाही म्हणून ते बॅटमॅनचं जाड पुस्तक इथंच राहिलं. तुझ्या आईनं ते देवळीत ठेवलं होतं. मी काढून वाचलं, तीनदा वाचलं. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय आणि फोनवर मला बोलणं जमत नाही, हे तुला माहीतच आहे. फोनवर आपण "जेवलास का" आणि "तिकडं पाऊस हाय का" याच्या पुढं कधी गेलोच नाही. म्हणून पत्र लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट कबूल करतो. त्या रात्री तुम्ही सगळे मित्र गच्चीवर बसला होतात. मी भाजलेल्या शेंगा आणि चहाची किटली घेऊन वर येत होतो. जिन्याच्या वळणावर थांबलो, कारण तुमचा वाद रंगात आला होता. बॅटमॅन बाप म्हणून बरा की वाईट, यावर. तुझा तो उंच मित्र म्हणत होता, दहा वर्षांच्या लेकराला रोज रात्री गुंडांच्या पुढ्यात नेणारा बाप कसला? तू म्हणालास, अरे, डेमियन हा बॅटमॅनचा पोरगा, आईकडं मारेकऱ्यांत वाढलेला, त्याला माणसांत आणलं ते बापानंच. मग कुणीतरी म्हणालं की सुरुवातीला हा डेमियन वाचकांना नकोसा झाला होता, केवढा उर्मट, आणि त्याला मारलं तेव्हा तीच माणसं रडली. चष्मेवाल्यानं सुपरमॅनची गोष्ट काढली : तो ज्या दोघांनी रचला त्यांतल्या जेरी सिगेलचे वडील १९३२ साली त्यांच्या दुकानात चोर शिरले त्या रात्री वारले आणि १९३८ साली सुपरमॅन छापून आला. मला ऐकायला फार बरं वाटत होतं. आमच्या वयाला आम्ही इतकं मोकळं बोललो नाही.

आणि मग तो शांत बसणारा पोरगा, ज्यानं रात्रभर फारसं तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "असल्या बापापेक्षा नसलेला बरा."

तू काहीच बोलला नाहीस. मी तुझ्या आवाजाची वाट पाहिली. मग किटली पायरीवर ठेवून खाली आलो. सकाळी तुला ती थंडगार किटली सापडली, तुला वाटलं आई विसरली. आई विसरली नव्हती.

तू गेल्यावर पुस्तक उघडलं ते या एका वाक्यामुळं.

चित्रकथेचं वेड तुझ्यात कुठून आलं असं आई विचारते. माझ्याकडूनच आलं. मी पाचवी-सहावीत असताना स्टँडवरच्या पेपरवाल्याकडं मराठी इंद्रजाल कॉमिक यायचं. त्यातला वेताळ म्हणजे आमचा देव. डेंकालीचं जंगल, कवटीची गुहा, बोटात कवटीची अंगठी. त्याचा मूळ पुरुष समुद्री चाच्यांनी बापाला मारलं म्हणून, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. तिथून पुढं बाप गेला की पोरगा तेच कपडे घालतो, म्हणून लोकांना वाटतं वेताळ मरतच नाही. आम्ही वाचायचो तो एकविसावा. त्या वयात मी फक्त ठोसे बघितले. आता या वयात कळतं, एकवीस पिढ्यांत एकाही पोराला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुला काय व्हायचंय? अंगठी आधीच ठरलेली.

दादांनी, तुझ्या आजोबांनी, मलाही काही विचारलं नाही. पण त्यांचं न विचारणं मला आता उमगतं. बहात्तरच्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. दादा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी वाटत. ती ते तिथं खात नसत, उपरण्याच्या टोकाला बांधून संध्याकाळी घरी आणत. आम्ही तिघं भावंडं उंबऱ्यात बसून वाट बघायचो. गाठ सोडायचे आणि पाणी प्यायला रांजणाकडं जायचे. घरात मिलोची लाल भाकर, तीही मोजून. त्या वर्षात दादांना पोटभर जेवताना मी पाहिलेलं आठवत नाही. यावर ते जन्मात कधी एक शब्द बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. घरात बोलणं हे फक्त कामापुरतं असतं असंच वाटायचं, आणि तेच मी तुझ्यापर्यंत आणलं. वेताळाच्या अंगठीसारखं.

बहात्तर म्हटलं की तुझी ती मतांची गोष्टही आठवते. तू बारावीला असताना सांगितली होतीस आणि मी ऐकून नुसतं हूं म्हटलं होतं. १९८८ साली बॅटमॅनच्या ४२८ व्या अंकासाठी वाचकांना फोन करून ठरवायला लावलं, दुसरा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, जगावा की मरावा. मरावा म्हणून ५,३४३, जगावा म्हणून ५,२७१. फरक फक्त बहात्तर. मी तेव्हा हूं म्हटलं खरं, पण रात्रभर तो आकडा डोक्यात होता. बाजाराच्या दिवशी उभी माणसं धरून मी चालवायचो त्या एका एसटी गाडीत बहात्तर माणसं सहज असायची. एका गाडीभर माणसांनी एका पोराचा निकाल लावला. तू म्हणालास, अण्णा, ते कागदावरचं पोरगं आहे, पुढं त्याला परत जिवंतही केलं. असेल. पण मला ते मनापासून पटलेलं नाही. एखादं पात्र आवडलं नाही तर पान उलटावं. पैसे मोजून, फोन लावून लेकराच्या मरणाला मत द्यायचं, हे वाचनाच्या प्रेमातलं नव्हे. त्यापेक्षा तुमची गच्ची बरी. भांडत होतात, पण त्या पोराचं कसं होईल याची तुम्हाला सगळ्यांनाच काळजी होती.

आता तुझ्या त्या जाड पुस्तकाबद्दल. माझं इंग्रजी म्हणजे पाट्या वाचण्यापुरतं. पुस्तकातलं अर्धं मला कळलं नाही. पण त्यात सुरुवातीलाच जो भाग आहे, 'बॅटमॅन अँड रॉबिन'चा २०१३ सालचा अठरावा अंक, त्यात शब्दच नाहीत. पोरगा, तो डेमियन, गेलाय आणि लिहिणाऱ्यानं कुणाच्या तोंडी एक वाक्य घातलेलं नाही. तो तुझ्याइतकाच मला वाचता आला. मोठं घर, पोराचा कुत्रा, पोराची खोली. बाप रात्री बाहेर पडतो, गुंडांना बडवत सुटतो. राग गुंडांवरचा नाही हे चित्र बघितलं की कळतं. मग एक चिठ्ठी सापडते, पोरानं लिहून ठेवलेली. त्या अंकात वाचण्यासारखं असेल तर तेवढंच. तुझी शाळेतली डिक्शनरी काढून मी ती लावली. तुमचा हुकूम मोडला म्हणून माफी मागतो, आणि आईनं जन्म दिला तरी जगायला तुम्ही शिकवलं, असं काहीसं आहे ना? आणि शेवटी तो एवढा थोरला गडी पोराचे रिकामे कपडे छातीशी धरून रडतो.

मी पुस्तक मिटून बाहेर ओसरीत जाऊन बसलो. आईनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही. बघ, तिथंही तेच.

म्हणून आता जे तुला कधी सांगितलं नाही ते लिहितो.

२०१२ चा मार्च. तू दहा वर्षांचा होतास, त्या डेमियनएवढा. तुझं अपेंडिक्स फुटलं आणि आई व मामानं तुला रात्री दवाखान्यात नेलं. मी मुक्कामी गाडीवर होतो, अडतीस किलोमीटरवर. माझ्या फोनला रेंज नव्हती, साडेनऊला निरोप कंडक्टरच्या फोनवर आला की रात्रीच ऑपरेशन करणार आहेत. तुला एवढंच माहीत आहे की अण्णा सकाळी पावणेआठला आले, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणले?" ते वाक्य तू मनात ठेवलंयस. कॉलेजात गेल्यावर एकदा रागाच्या भरात मला ऐकवलंसही होतंस.

मधल्या दहा तासांचं ऐक. गाडी माझ्या ताब्यात होती, किल्ली माझ्या खिशात होती. पण ती गाडी माझी नव्हती, ती काढून निघावं हे मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. मग ज्यांच्या ओट्यावर आम्ही झोपायचो ते घरमालक म्हणाले, ड्रायव्हरसाहेब, माझी मोटारसायकल न्या, पहाटेपर्यंत परत या. ते होण्यासारखं होतं. तास-सव्वातासाचा रस्ता. पण पहाटे साडेपाचची गाडी म्हणजे त्या गावाची सकाळची एकमेव गाडी, आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. अकरा पोरं-पोरी त्या गाडीनं केंद्रावर जाणार होती. रात्रभर जागून, दवाखान्यात जीव टांगून परत यायचं आणि झोपेच्या डोळ्यांनी ती अकरा लेकरं घाटातून उतरवायची? मी ठरवलं, नाही. आपण इथंच झोपायचं आणि गाडी नीट न्यायची. मोटारसायकलची किल्ली परत केली.

आणि मग एक क्षणही झोप लागली नाही. ज्यासाठी तुझ्याकडं आलो नाही ती झोपच आली नाही. रात्रभर मी स्टिअरिंगवर हात ठेवून अंधारात बसून होतो. बाराच्या सुमारास कंडक्टरनं फोन लावून दिला, मामा म्हणाला, ऑपरेशन झालं, पोरगं ठीक आहे. तरी झोप नाही. पाचला तोंड धुतलं. पोरं आली, हातात पॅड, कपाळाला कुंकू. त्यातल्या एकानं "काका, आज गणित आहे" म्हणून सांगितलं. मी "शांतपणे सोडवा" म्हणालो. ते मला त्याला म्हणता आलं आणि दोन तासांनी तुझ्यापाशी आलो तेव्हा घशातून "डॉक्टर काय म्हणले" एवढंच निघालं. तू जागा व्हायच्या आधी मी तुझ्या तळपायाला हात लावून बघितला होता, गरम आहे का ते. ते तुला माहीत नाही.

मी बरोबर केलं का? तेरा वर्षं झाली, अजून ठरवता येत नाही. मोटारसायकल घेऊन गेलो असतो तर? कदाचित सगळं नीट झालं असतं, दोन्ही झाली असती. तुझा तो उंच मित्र बॅटमॅनला विचारत होता ना, गावाची लेकरं वाचवताना स्वतःचं लेकरू का पणाला लावलं? मला तो प्रश्न परका वाटला नाही.

आपल्या गावालाही तो नवा नाही. संतकवी दासोपंतांच्या समाधीवरून लहानपणी तुला किती वेळा नेलं, पण त्यांची गोष्ट नीट सांगितली नाही. नारायणपेठच्या देशपांड्यांचा मुलगा. अशी आख्यायिका आहे की दुष्काळात वडिलांना वसूल भरता आला नाही, म्हणून बिदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवून घेतलं, आणि मुदत संपायला आली तेव्हा प्रत्यक्ष दत्तानं पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या सेवकाच्या, वेशात येऊन पैसे भरले. कीर्तनात लोक दत्ताच्या येण्याला टाळ्या देतात. मला मात्र मुदतीचे मधले दिवस दिसतात. तो पोरगा रोज दरवाज्याकडं बघत असेल. आणि बाप तिकडं कुठं कुठं हात जोडत फिरला असेल, ते पोराला कुणी सांगितलं असेल का?

ओलीस हा शब्द मला बरोबर वाटतो. बापाच्या कामाला लेकरू ओलीस राहतं. तू राहिलास. दिवाळीच्या किती रात्री मी मुक्कामी होतो ते मला तोंडपाठ आहे. तुझ्या वयाच्या पहिल्या अठरा दिवाळ्यांतल्या सात.

तू त्या रात्री गच्चीवर गप्प का राहिलास हे मी विचारणार नाही. तुझ्या गप्पपणाला दोन अर्थ असू शकतात आणि दोन्ही मला मान्य आहेत. पण त्या पोराच्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. पहिले दोन दिवस वाईट वाटलं, वाटलं माझ्याच घराच्या गच्चीवर मलाच म्हणाला. नंतर वाटलं, नाही, तो बॅटमॅनबद्दल बोलत नव्हता आणि माझ्याबद्दलही नव्हता. इतक्या हळू आवाजात माणूस दुसऱ्याच्या बापाबद्दल बोलत नाही. त्याचे वडील कुठं असतात रे? काय करतात? तुम्ही चार वर्षं एका खोलीत राहता, कधी विचारलंस का? नसेल विचारलं तर आता विचार. वाद घालू नको त्याच्याशी. नुसतं ऐक.

पुस्तक मी कुरिअरनं पाठवत नाही, वाटेत पानं दुमडतात. संक्रांतीला येशील तेव्हा ने. आणि डेमियन पुढं परत येतो असं तू म्हणाला होतास ते पुस्तक असेल तर घेऊन ये, शब्द असतील तर तू वाचून दाखव. त्या पोरालाही संगं आण. त्यानं शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेतली होती, आईच्या लक्षात आहे. तिनं त्याच्या नावाची बरणी आत्ताच वेगळी भरून ठेवलीय.

तुझा,
अण्णा