आधी शेड, मग ग्लायडर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरातून विमानं सुटू लागल्यापासून पार्क मैदानावरच्या आमच्या सकाळच्या फेरीत दुसरा विषय नाही. परवा आपल्याच पानावर एका वाचकांनी सुचवलं की, शहराबाहेर ग्लायडिंग क्लब, म्हणजे वर उठणाऱ्या गरम हवेवर तरंगणाऱ्या बिनइंजिनाच्या विमानांचा क्लब, काढावा. ऊन आहे, माळ आहे, पोरं मोबाइलमधून डोकं वर काढतील. सूचना मला मनापासून पटली. पण पत्रात सगळं उडण्याचंच होतं. ग्लायडर ठेवायचं कुठं, पुसायचं कुणी, यावर एक ओळ नव्हती. म्हणून हे लिहितोय.

मी जन्मभर यंत्रमागाचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. त्याआधी, १९८० च्या सुमारास, चार वर्षं पुण्यात फिटर होतो आणि हडपसरला खोली करून राहत होतो. शनिवारी पाळी सुटली की थेट ग्लायडिंग सेंटर. त्या चार वर्षांत हवेत किती तास होतो ते सांगायला लाज वाटते. जमिनीवरचे तास मात्र मोजता येणार नाहीत.

तेव्हाच्या देशी ग्लायडरांची नावं बघा: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. पंचांग उघडून ठेवल्यासारखी ओळीनं. कृत्तिकेचं तेवढं कार्तिक झालं. आम्ही शिकलो रोहिणीवर. लाकडी सांगाडा, वर प्लाय आणि कापड, आत दोघं शेजारीशेजारी. आपल्याकडचा शेतकरी रोहिणीच्या पावसाची वाट बघतो. तिथं उलटं, रोहिणीवर रोहिणीचा थेंब पडू द्यायचा नाही. पाणी आत मुरलं की चिकटवलेला सांधा सुटतो आणि बाहेरून रंग तसाच चकचकीत. पंखाच्या पोटाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात, त्यात कुंभारमाशी माती भरून ठेवते. ती काडीनं मोकळी करायचं काम नव्या पोरांचं, म्हणजे माझं. मग नाण्यानं प्लायवर टकटक करत जायचं. आवाज भरीव आला तर पुढे, बद्द आला तर थांबायचं आणि मेकॅनिकना हाक मारायची.

एका रविवारी तर माझ्यामुळे कुणीच उडालं नाही. सकाळची तपासणी आटोपली आणि हत्यारांच्या फळीवर दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी दिसली. फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो, त्यामुळे रिकामी जागा लांबूनही दिसते. पाना ग्लायडरच्या आत राहिला असेल आणि नेमका कंट्रोलच्या दांड्यात अडकला, तर हवेत ग्लायडर वळवायची काठी हलणार नाही. सीट काढली, तळाची पाटी काढली, गवतात वाकून वाकून शोधलं. बाहेर मार्चचं ऊन, वर घारी विनासायास चढतायत, म्हणजे ग्लायडरसाठी सोन्यासारखे तास चाललेले, आणि पंचवीस जण माझ्याकडे बघतायत. दोनच्या सुमाराला सापडला, कॅनॉपी (पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) पुसायच्या मलमलच्या घडीत. घडी मीच घातली होती. कुणी शिवी दिली नाही, हेच जास्त लागलं.

मलमलवरून आठवलं. मी कौतुकानं सोलापुरी टॉवेल नेला होता, तो पहिल्याच दिवशी परत केला गेला. कॅनॉपीवर आधी पाणी सोडायचं, धूळ वाहून गेली की मऊ फडक्यानं पुढून मागं सरळ हात फिरवायचा. कोरड्या टॉवेलनं घासलं की ओरखडे पडतात आणि मावळतीच्या उन्हात समोरचं दिसेनासं होतं. त्याच कॅनॉपीवर पायलटच्या नाकासमोर वीतभर लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. ग्लायडर तिरपं सरकू लागलं की तो बाजूला पडतो. इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं दुसरं यंत्र मी पाहिलं नाही. तिथंही मी चादरीच्या दशीतलं सूत लावून बघितलं. ते सकाळच्या दवानं काचेला चिकटून बसलं. तेव्हापासून लोकरीला मी मान देतो.

आता सोलापूरचं. काळी नांगरलेली जमीन, पारा चाळिशीपार, वर उठणारी गरम हवा भरपूर. याबाबतीत त्या वाचकांचं बरोबर आहे. पण तेच ऊन ग्लायडरचा जीव घेतं. फायबरची ग्लायडरं पांढरी असतात ती शोभेसाठी नव्हे, तापल्यावर त्यातलं तंतू चिकटवणारं रेझिन मऊ पडतं म्हणून. कॅनॉपी उघडी ठेवून चहाला गेलात तर ती भिंगासारखं काम करते, आतली गादी जळते. झाडाखाली ताडपत्री टाकून हे भागणार नाही.

जागा होटगी रोडच्या विमानतळाची नको. प्रवासी विमानं उतरणाऱ्या धावपट्टीवर ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या विंचची किलोमीटरभर तार पसरता येत नाही. वेगळा माळ हवा आणि तार रोज हातानं तपासणारा माणूस हवा. तारेच्या टोकाला मुद्दाम एक कच्चा दुवा बसवतात, ओढ जास्त झाली तर तो तुटावा, पंख नव्हे. हा दुवा कुठल्या ग्लायडरला कुठला, हे चुकून चालत नाही.

‘आता लाकूड कुठं, सगळं धातूचं असतं’ असं फेरीतले एक मित्र म्हणाले. धातूही थकतो. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात ब्लानिक एल-१३ या धातूच्या एका ग्लायडरचा पंख हवेतच तुटला, दोघं गेले. आतल्या मुख्य तुळईला थकव्याची चीर गेली होती. त्यानंतर जगभरची एल-१३ जमिनीवर बसवली गेली. मागाची पिकिंग स्टिक, म्हणजे धोटा फेकणारी काठी, मोडली तर फार तर ताणा तुटतो, गाठी मारून तासाभरात माग चालू. तीच सवय घेऊन ग्लायडरजवळ जाऊ नये. मी गेलो होतो, म्हणून सांगतो.

तेव्हा क्लब काढणाऱ्यांनी वर्गणीचा पहिला पैसा पक्क्या शेडला घालावा, दुसरा परवानाधारक इंजिनिअरच्या पगाराला. आयटीआयची पोरं शनिवारी कामाला आणि रविवारी उडायला, असा हिशेब बसवावा; शनिवारी न येणाऱ्याला रविवारी नंबर नाही. ग्लायडर त्यानंतर, एकच आणि जुनं मिळालं तरी चालेल.

माझं वय आता उडायचं नाही. पण शनिवारी मी येईन, पाने माझेच आणीन. दहा नंबरचा तेवढा दुसऱ्या कुणाकडे द्यावा.

आपला,
एक निवृत्त जॉबर
अक्कलकोट रोड, सोलापूर