बिडी उधारीवर मिळते, गोळी मिळत नाही
(आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र)

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी रात्रपाळी संपवून येताना मी चौतीस दिवसांनी बिडी पेटवली. माझा राग मला आहेच, पण यात तुमच्या खात्याचाही वाटा आहे, म्हणून हे पत्र.

मी फौंड्रीत मोल्डिंगला आहे. वय ४८, सोळाव्या वर्षापासून बिडी. जानेवारीत ॲटॅक आला. महात्मा फुले योजनेतून स्टेंट बसला, खिशातला रुपया लागला नाही. त्याबद्दल सरकारचे आभार मनापासून मानतो. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बिडी सुटली नाही तर पुन्हा याच टेबलावर येशील," आणि बिडी सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन नावाच्या गोळीची बारा आठवड्यांची चिठ्ठी दिली.

ती चिठ्ठी घेऊन आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतून उत्तर आलं, "हे आपल्याकडे येत नाही, बाहेरून घ्या." साहेब, १५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत ना? मग बिडीचं व्यसन हा आजार नाही का? जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी २०२१ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, आणि जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्यासाठी तिची शिफारसही केली. ज्या गोळीची शिफारस जग करतं, ती आमच्या खिडकीपर्यंत का येत नाही?

तीन मेडिकल फिरलो. एकाने चार दिवसांनी मागवून दिली. पैसे बायकोने भिशीतून काढले. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, मग रोज दोन, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ. मळमळायचं, रात्री भलतीसलती स्वप्नं पडायची. पण दुसऱ्या आठवड्यात चहानंतर बिडी ओढली तर तिची चवच लागेना. निकोटिन मेंदूत जिथे जाऊन बसतं, ती जागा ही गोळी आधीच धरते, तलफ थोडी भागवते आणि धुरातल्या निकोटिनला तिथे बसू देत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. बत्तीस वर्षांत मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, गळ्यात माळ घातली, दोन्ही मोडलं. त्या पापाचं ओझं घेऊन जगलोय मी. पहिल्यांदाच काहीतरी लागू पडलं होतं.

सहा आठवड्यांच्या गोळ्या संपल्या तेव्हा मुलीची कॉलेजची फी भरायची होती. फी भरली. पाचव्या दिवशी हात टपरीकडे गेला.

बिडीला पैसे असतात तर गोळीला का नाहीत, हे मला तोंडावर विचारलं गेलंय. उत्तर ऐका. टपरीवाला दोन बिड्या सुट्या देतो, पगाराला हिशेब करतो. मेडिकलमध्ये अख्खी पट्टी आणि रोख पैसे. सुटी बिडी-सिगारेट विकायला तुमच्याच आरोग्य विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली आहे. आमच्या दवाखान्याच्या फाटकासमोर आज सकाळीही ती सुटी मिळत होती. मी बघून आलोय.

पाकिटावर तंबाखू सोडण्यासाठी दिलेल्या १८००-११-२३५६ या हेल्पलाइनवर फोनही केला. पलीकडच्या ताई फार चांगल्या बोलल्या, आठवणीने परत फोन करत राहिल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. पण फोनमधून गोळी येत नाही.

आणि मग पेपर वाचला की डोकं फिरतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. मी ज्या एलआयसीत पोटाला चिमटा काढून हप्ता भरतो, तिच्याकडे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे जवळपास १५ टक्के शेअर आहेत. देशात तंबाखूने वर्षाला साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं मरतात. म्हणजे सरकार विकण्यात भागीदार, करात भागीदार, ॲटॅक आल्यावर स्टेंटचा खर्च करायलाही तयार, फक्त मधल्या बारा आठवड्यांना त्याच्याकडे पैसे नाहीत! कुणी बसून हा हिशेब केलाय का? आमच्या फौंड्रीत धुरातच काम करणारे निम्मे लोक बिडी ओढतात. त्यातला कुणी छातीवर हात धरून खाली बसेपर्यंत त्याची विचारपूस होत नाही.

माझं मागणं एवढंच. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन (तंबाखू सोडवणारी दुसरी गोळी) उपजिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर ठेवा, आणि पूर्ण बारा आठवडे पुरेल इतकं द्या. निकोटिनचं च्युइंगम २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आलंच आहे, ते तरी आजपासून मिळू दे.

डॉक्टरांनी मला नवी चिठ्ठी लिहून दिली आहे, पहिल्या दिवसापासून. सोमवारी पाळी दुपारची आहे. सकाळी नऊला मी त्याच खिडकीवर उभा असेन.

आपला,
एक फौंड्री कामगार