बाबा, शून्य म्हणजे बंद नव्हे

पुणे, २८ एप्रिल

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, सोमवारी रात्री फोन ठेवताना बाबा म्हणाले, "बेबी, हे सगळं कागदावर लिहून पाठव, मी डायरीत चिकटवतो." म्हणून बसले लिहायला. अनू झोपली आहे, भांडी तशीच पडली आहेत.

आधी कबुली देऊन टाकते. महिनाभर तुमच्या घरात नेट "चालून नाही राहिलं", आईचे व्हिडिओ कॉल अर्ध्यात गोठतात, अनूला आजीचं नुसतं कपाळ दिसतं, आणि त्यावरून तुम्ही दोघं एकमेकांवर, मग दोघं मिळून केबलवाल्या पोरावर चिडताय. चूक माझी आहे. दिवाळीत मी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी उबंटू ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून दिली, सोबत टोरेंटनं फाइली उतरवायचं क्यूबिटटोरेंट हे सॉफ्टवेअर टाकलं आणि फाइल उतरवायची कशी एवढंच शिकवलं. लगाम कुठे असतो ते दाखवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती आणि आई डब्यात सांबारवड्या भरत होती, हे कारण तुम्ही मान्य कराल अशी आशा आहे.

आता सोमवारी काय झालं ते नीट लिहिते, कारण त्या वेळी बाबा आकडे सांगण्यात रंगले होते आणि मी हसण्यात. काळ्या खिडकीत "पिंग" आणि पुढे आठ टिंब आठ टिंब आठ टिंब आठ लिहायला लावलं होतं ना? पिंग म्हणजे एक छोटीशी हाक. ती लांबच्या कॉम्प्युटरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, तो तुमच्यासमोरचा आकडा. पावसाळ्यात ऑफिसला फोनवरून धरणाची पातळी कळवायचात, त्याच आवाजात तुम्ही वाचलंत, "एक हजार दोनशे चाळीस. एक हजार एकशे नव्वद. एक हजार तीनशे दहा." म्हणजे नुसती हाक मारून यायला सव्वा सेकंद. मी म्हटलं, आता टोरेंट पॉज करा. दोन क्षण शांतता. मग, "एकोणतीस. एकतीस. अठ्ठावीस." आणि मागून आईचं, "अगं बाई!"

लाइन तीच, राउटर तोच, केबलवाल्याचा पोरगा तोच. बदललं ते एवढंच, की कॉम्प्युटरनं बाहेर माल पाठवणं थांबवलं.

बाबा, तुम्ही पाटबंधारेत लागलात तेव्हा पहिली तीन वर्षं जावक टेबलावर काढलीत, तेव्हा तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल. डाउनलोड म्हणजे आवक, अपलोड म्हणजे जावक. तुमच्या प्लॅनमध्ये आवक सेकंदाला ४० मेगाबिट आहे पण जावक फक्त ४. टोरेंटची गंमत अशी, की त्यात कुठलं एक मोठं गोदाम नसतं. ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं २००१ मध्ये ही पद्धत काढली. फाइलचे बारीक तुकडे करायचे, आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्यानं दुसऱ्याला द्यायचा. तुम्ही नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटिअर उतरवता, तेव्हा आलेले तुकडे त्याच वेळी तुमच्या घरातून कुठल्या कुठे रवाना होत असतात. फाइल पूर्ण झाल्यावरही. एप्रिलमध्ये उबंटूची नवी आवृत्ती आली ती तुम्ही माझ्या आधी उतरवलीत (हे मला कौतुकानं सांगायचं आहे), पण नव्या आवृत्तीवर पहिल्या दिवसांत जगभरातून उड्या पडतात, आणि त्यातले कितीतरी जण तुमच्या त्रिमूर्तीनगरच्या जावक टेबलावर रांग लावून उभे होते.

जावक तुंबली तर आवक का मंदावते, हे तुम्ही दोनदा विचारलंत. कारण इंटरनेटवर आलेल्या मालाची पोच द्यावी लागते. पलीकडचा कॉम्प्युटर थोडा माल पाठवतो, पोच मिळाली की पुढचा. तुमची पोच जावकेच्या गठ्ठ्याखाली दबून राहिली, तर तो बिचारा समजतो, रस्त्यात काहीतरी अडलंय, आणि हात आखडता घेतो. राउटर आणि मोडेमही शहाणे असे, की जास्तीचं काही फेकून देण्याऐवजी सगळं रांगेत उभं करून ठेवतात. आई, तुझ्यासाठी सांगते. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर तुला एक प्लेट हवी आहे, आणि तुझ्या पुढचा माणूस ऑफिससाठी चाळीस प्लेट पार्सल बांधून घेतो आहे. पोहेवाला हळू नाही. तुझी प्लेट व्हायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. पण तू चाळीस पार्सलांच्या मागे आहेस. व्हिडिओ कॉल असाच एक-एक प्लेटवाला असतो. त्याला फार काही नको असतं, जे हवं ते वेळेवर हवं असतं.

आता शून्याचं. मागच्या आठवड्यात बाबांनी स्वतःच शोधून काढलं की सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा घालता येते. तिथे शून्य टाकलं आणि निर्धास्त झाले. आणि तरीही काहीच सुधारलं नाही! बाबा, त्या रकान्यात शून्य म्हणजे बंद नव्हे. शून्य म्हणजे मर्यादाच नाही. म्हणूनच तिथे शून्याच्या जागी आडवा आठ दिसतो. तुम्ही म्हणालात, "मला वाटलं डिझाइन आहे." ते अनंताचं चिन्ह आहे. गेट बंद करायला गेलात आणि ते सताड उघडंच ठेवून, वर कुलूप लावून आलात. तुमच्या जागी कोणीही हेच केलं असतं. ज्यानं शून्याचा हा अर्थ ठरवला त्याला एक दिवस जावक टेबलावर बसवायला हवं.

डायरीत चिकटवायचा भाग हा. वरच्या पट्टीत टूल्स, त्यात ऑप्शन्स, डावीकडे स्पीड. अपलोडच्या रकान्यात ३०० लिहा. तुमची जावक ४ मेगाबिट, म्हणजे आठानं भागल्यावर साधारण ५०० किलोबाइट. त्यातले ३०० टोरेंटला, उरलेले पोच, कॉल आणि आईच्या भजनांच्या व्हिडिओंना. रात्रीसाठी त्याच पानावर खाली दुसरी मर्यादा ठेवायची सोय आहे, तिथे ४०० लिहून वेळ रात्री एक ते सकाळी सहा ठेवा. मग शेजारच्या कनेक्शन या पानावर जा. तिथे जोडण्यांची मर्यादा एकूण ५०० आणि एका फाइलमागे १०० असेल, त्याचं २०० आणि ४० करा. तुमचा राउटर कंपनीनं फुकट दिलेला, छोट्या जिवाचा आहे, आणि प्रत्येक जोडणीची नोंद त्याला डोक्यात ठेवावी लागते. पाचशे माणसांची नावं पाठ करायला लावली तर तो चक्कर येऊन पडणारच. दर दोन दिवसांनी तो बंद करून चालू करावा लागायचा, ते याचमुळे असावं असा माझा अंदाज आहे. बघू, महिनाभरात कळेल.

बाबा म्हणतील, मग अपलोड अगदी १० वर आणून ठेवू का? नको. टोरेंटमध्ये रोकडा व्यवहार आहे, जो देतो त्याला लोक आधी देतात. अगदीच हात आखडला तर तुमचंही डाउनलोड रखडतं. आणि तुम्हीच मला म्हणालात ना, "घेतलं तर द्यायला नको का?" हे तुमचं वाक्य मी इथे ऑफिसात दोघांना ऐकवलं. द्याच, फक्त घरचे जेवल्यावर द्या.

केबल कंपनीला लिहिलेला तो अर्ज कृपया पाठवू नका. "चाळीस देण्याचे मान्य करून प्रत्यक्षात पाचही देत नाहीत, सबब सखोल चौकशी व्हावी" हा मसुदा फार झकास आहे, पण हिशेब चुकला आहे. प्लॅनमधले ४० हे मेगाबिट, सॉफ्टवेअर दाखवतं ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. तुम्हाला दिसले ४.६, त्याला आठानं गुणा, ३६.८ येतात. म्हणजे तो पोरगा जवळजवळ पूर्ण माप देतो आहे. त्याला तुम्ही दारातच "लबाड" म्हणालात असं आईनं सांगितलं. पुढच्या वेळी आला की पन्हं द्या, एवढं पुरे.

आता आई. तू पाडव्यापासून सांगत होतीस, "कूलर लावला तेव्हापासून असं होऊन राहिलं." आम्ही दोघं हसलो. मी तर जरा जास्तच हसले. तुझं बरोबर होतं, आई. अर्धं दुखणं टोरेंटचं, अर्धं कूलरचं. बाबांनी मंगळवारी वायर थेट कॉम्प्युटरला लावून वेग मोजला तो ३८, आणि तुझ्या खोलीत मोबाइलवर ६. टोरेंट तेव्हा बंद होतं, म्हणजे त्याला बोल लावता येत नव्हता. मग मी समोरच्या खोलीचा फोटो मागितला. राउटर खिडकीच्या कट्ट्यावर, आणि त्याच्यासमोर चार फुटी पत्र्याचा कूलर, पोटात पाणी भरून. वायफायच्या लहरींना पत्रा परतवून लावतो आणि पाणी शोषून घेतं. तुमच्या राउटरसमोर दोन्ही उभे! हिवाळ्यात तिथे काहीच नव्हतं, म्हणून दिवाळीत मला कळलं नाही. राउटर शोकेसच्या वर ठेवल्यावर तुझ्या खोलीत २७ आले. बाबांनी गॅझेटिअर उतरवायला सुरुवात केली तीही पाडव्याच्याच आठवड्यात, म्हणून दोन्ही कारणं एकमेकांत मिसळली आणि दोघांपैकी कोणालाच हार मानावी लागली नाही.

एक राहिलं. शेजारच्या काकांचा भाचा नवे सिनेमे "काढून" मागतो, त्याला सरळ नाही म्हणा. हे सॉफ्टवेअर वापरणं गुन्हा नाही, दुसऱ्याच्या मालकीचा सिनेमा वाटणं मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही. आणि टोरेंटमध्ये तुकडे देणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा नंबर, बाकी सगळ्यांना दिसतो, तेव्हा नाव भाच्याचं नाही, आपल्या घराचं येईल. १९०८ चं गॅझेटिअर हवं तेवढं वाटा.

अनूला रविवारी सकाळी नऊला आजीशी बोलायचं आहे. तिला दात पडलेला दाखवायचा आहे, वरचा, डावीकडचा. त्याआधी आठ वाजता बाबांनी पिंग करून आकडा मला कळवावा. पन्नासच्या खाली असेल तर कॉल लावते.

तुमची,
बेबी

ता. क. आई, राउटर शोकेसवर आहे तिथे विणलेला रुमाल घालू नकोस. आधीच तापतो तो, आणि नागपूरचा मे महिना अजून यायचा आहे.