ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र : उच्च न्यायालयाचा आदेश झाला, तरी माझा फरक मिळेना

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : न्यायालयाच्या आदेशानंतरही आश्वासित प्रगती योजनेच्या फरकाची थकबाकी न मिळाल्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी जिल्हा परिषदेची सेवानिवृत्त आरोग्य सेविका. गेल्या आठवड्यात मला जिल्हा परिषदेचं एक पत्र आलं. उच्च न्यायालयाने माझी थकबाकी सहा टक्के व्याजासह तीन महिन्यांत द्या, असा आदेश दिला होता. त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या वकिलांनी न्यायमूर्तींसमोर 'मुदतीत देतो' असं सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून ते ऐकलं. मुदत संपली, आणि आता हे पत्र : "सदर प्रकरणी शासनाचे मार्गदर्शन मागविण्यात आले असून ते प्राप्त होताच पुढील कार्यवाही करण्यात येईल." ते शासन म्हणजे तुमचं खातं. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

मी 1989 साली लागले. एकाच पदावर बारा वर्षं काढली आणि बढती मिळाली नाही, तर निदान बढतीच्या पदाची वेतनश्रेणी मिळावी, म्हणून शासनानेच आश्वासित प्रगती योजना आणली. पुढे मार्च 2019 च्या शासन निर्णयाने ते टप्पे 10, 20 आणि 30 वर्षांवर आले. माझा दुसरा लाभ मात्र जुन्या बारा-बारा वर्षांच्या हिशेबाने, म्हणजे चोवीस वर्षं भरल्यावर, 2013 मध्ये देय होता. तो अडला माझ्या सेवापुस्तकातल्या एका ओळीवर. पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गो. अ. अप्राप्त'. म्हणजे माझ्या कामाबद्दल साहेब दरवर्षी जे गोपनीय अहवाल लिहितात, ते तीन वर्षांचे सापडत नाहीत. अहो, ते अहवाल लिहायचे साहेबांनी, जपायचे कार्यालयाने, मी ते हातातही घ्यायचे नाहीत, आणि ते हरवले म्हणून पगार माझा कमी! अर्ज दिला की आवक क्रमांक मिळायचा. मग फाइल सामान्य प्रशासनाकडून वित्त विभागाकडे, तिथून त्रुटी काढून परत आरोग्य विभागाकडे. टेबलावरचा बाबू बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि नुसता पगार कमी झाला असं नाही. पेन्शन, उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम, रजेचं रोखीकरण, सगळं शेवटच्या पगारावर ठरतं. तो पगारच चुकीचा, म्हणून मी आजही दर महिन्याला कमी पेन्शन घेते आहे.

माझ्यासारख्याच काही सेविका आधी कोर्टात गेल्या आणि त्यांना लाभ मिळाला. मी तो निकाल जोडून अर्ज केला, तर उत्तर आलं की हा निर्णय याचिकाकर्त्यांपुरताच मर्यादित आहे. महोदय, उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध अरविंद कुमार श्रीवास्तव या 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की एका गटाला दिलासा दिला, तर सारख्याच परिस्थितीतल्या इतरांनाही तो दिला पाहिजे. त्याच निकालात हेही आहे की जे नुसते कुंपणावर बसून राहिले, त्यांना उशिरा येऊन तो मागता येत नाही. आमची कार्यालयं पहिला भाग वाचतच नाहीत आणि दुसरा मात्र शपथपत्रात लिहितात.

त्याहून वाईट पुढे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. माझ्या आदेशातही तसंच झालं. 2013 पासूनची मधली सगळी वर्षं गेली. ती वर्षं मी झोपून काढली नव्हती, कार्यालयावर विश्वास ठेवून अर्ज करत काढली होती. 'ताई, कोर्टात कशाला जाता, होऊन जाईल' असं मला त्याच टेबलावरून सांगितलं जायचं. म्हणजे कार्यालय जितकं रेंगाळेल, तितके शासनाचे पैसे वाचतात. हे तुम्हाला योग्य वाटतं का? ज्याने उशीर केला त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही. माझी आयुष्यभराची कमाई मात्र जाते.

हेच वसुलीच्या वेळी बघा. वेतन पडताळणीत कुणाला जादा वेतनवाढ दिल्याचं निघालं, की निवृत्तीच्या तोंडावर उपदानातून रक्कम कापायला तुमच्या लेखा शाखेला कुणाचं मार्गदर्शन लागत नाही. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने रफिक मसीह प्रकरणात 2014 मध्येच सांगितलंय. तरी कापतात, आणि मग त्या माणसाने पुन्हा वकील करायचा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला निदान मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे. आम्हा जिल्हा परिषदवाल्यांना सरळ उच्च न्यायालय गाठावं लागतं. गट क, म्हणजे तृतीय श्रेणीतल्या बाईने त्या फीचे पैसे आणायचे कुठून? मी पतसंस्थेचं कर्ज काढलं. मिस्टरांचं डायलिसिस चालू असताना मी झेरॉक्सच्या दुकानात शासन निर्णयांच्या प्रती काढत उभी असायचे.

मी काय काम केलं हेही सांगते, कारण फाइलीत ते कुठेच दिसत नाही. पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र हा निकष. माझ्याकडे कायम त्याहून जास्त गावं होती, कारण शेजारचं पद रिक्त. लसीचा डबा खांद्याला लावून ओढे ओलांडले. लस दोन ते आठ अंशांतच राहिली पाहिजे, म्हणून बर्फ वितळायच्या आत वस्ती गाठायची. रात्री कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात घरोघर फिरलेल्या आम्ही सगळ्या आहोत. 16 जानेवारी 2021 ला कोरोनाची लस सुरू झाली तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. मी रजा टाकली नाही. तुम्ही लोकांनी आम्हाला योद्धे म्हटलंत, फुलं उधळलीत. आम्हाला त्या फुलांऐवजी आमचा फरक हवा होता.

माझ्याबरोबर लागलेली एक सेविका हाच फरक मागत मागत गेली. तिच्या मुलाला आता वारस प्रमाणपत्र आणायला सांगितलंय. ते काढायला पुन्हा न्यायालय, पुन्हा महिने.

निधी नाही, हे कारण मला सांगू नका. कोरोनात आंध्र सरकारने पगार आणि पेन्शन लांबवलं होतं. त्यांची आर्थिक अडचण खरी होती. तरी फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशिराबद्दल सहा टक्के व्याज द्यायलाच लावलं. केलेल्या कामाचा पगार हा हक्क आहे. निवृत्तिवेतन ही मालमत्ता आहे आणि कायद्याशिवाय ती राज्यघटनेच्या कलम 300-अ नुसार काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या झारखंडच्या निकालात लिहिलेलं आहे. केंद्राने जानेवारी 2025 मध्ये आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली, तिकडे आकड्यांची चर्चा रंगते, आणि इथे जुन्या श्रेणीतला फरक मिळायच्या आधी माणसं मरतात.

माझ्या मागण्या अशा. माझ्या आदेशाबाबत जे मार्गदर्शन मागवलंय त्याचं उत्तर आठ दिवसांत द्या, आणि ते एकच असू शकतं : रक्कम अदा करा. माझं निवृत्तिवेतन सुधारित करा. ज्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने एकदा निर्णय दिलाय आणि तो अंतिम झालाय, तो सर्व जिल्हा परिषदांतल्या सारख्या कर्मचाऱ्यांना अर्जाशिवाय लागू करणारं परिपत्रक काढा. आणि अहवाल हरवल्यामुळे किंवा फाइल दाबल्यामुळे जे व्याज शासनाला द्यावं लागतं, ते जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करा.

अवमान याचिकेला एक वर्षाची मुदत असते. वकिलांनी मसुदा तयार ठेवलाय. त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांबरोबर तुमच्या विभागाच्या सचिवांचंही नाव घालायला मी सांगितलं आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त आरोग्य सेविका