लाइफ जॅकेटांच्या खोलीला कुलूप नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी नातवाला घेऊन नागपूरजवळच्या एका तलावावर गेलो होतो. बोट काठाला लागली, माणसं चढू लागली, पण एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नाही. बोटवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "आहेत ना जी काका, खोलीत आहेत. चाबी साहेबाजवळ आहे." साहेब जेवायला गेलेले. नातवाचा हात धरून मी परत फिरलो. तो रडला, पण माझा पाय उचलेना.

मी १९८४ साली दीपगृह खात्याच्या जहाजावर खलाशी म्हणून लागलो. आमचं काम बोयांचं. बोया म्हणजे खोल पाण्याची वाट दाखवणारी तरंगती खूण. कित्येक टनांचा तो बोया क्रेनने डेकवर घ्यायचा, अंगावरची कालवं खरवडायची, साखळीची कडी न् कडी मोजायची. मनगटाएवढी कडी घासून अंगठ्याएवढी झालेली मी हातात धरली आहे. ती कापून नवी जोडायची आणि बोया होता त्याच जागी परत सोडायचा. साखळी सुटताना जवळ उभं राहायचं नाही, हे आमच्या सारंगांनी, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यांनी, पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तेव्हाच त्यांनी 'ब्लॅकथॉर्न'ची हकिकत सांगितली.

'ब्लॅकथॉर्न' हे अमेरिकन तटरक्षक दलाचं बोयांचं जहाज. लांबी १८० फूट, बांधणी डुलुथ गावची, १९४४ पासून सेवेत. आधी ग्रेट लेक्स या तिथल्या मोठ्या सरोवरांमध्ये बर्फ फोडलं, पुढे मेक्सिकोच्या आखातात वर्षानुवर्षं बोये सांभाळले. २८ जानेवारी १९८०च्या रात्री फ्लोरिडातल्या टॅम्पाहून दुरुस्ती आटोपून ते टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला निघालं होतं. दिव्यांनी झगमगणारं 'कझाकस्तान' नावाचं सोव्हिएत प्रवासी जहाज त्याला मागे टाकून पुढे गेलं. त्या झगमगाटात समोरून येणारा 'कॅप्रिकॉर्न' टँकर वेळेत दिसलाच नाही. टक्कर झाली. टँकरचा नांगर 'ब्लॅकथॉर्न'च्या अंगात रुतला. दोन्ही जहाजं एकमेकांपासून सरकत गेली तशी नांगराची साखळी ताणली, आणि तिने जहाज ओढून उलटं केलं. ५० जणांपैकी २३ गेले. जन्मभर साखळ्या ओढणारं जहाज साखळीनेच बुडवलं, हे सांगताना सारंगांचा आवाज दाटून यायचा.

त्यांच्यात विल्यम फ्लोरेस नावाचा १८ वर्षांचा खलाशी होता. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. त्याने लाइफ जॅकेटांच्या पेटीचं दार स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याने उघडं बांधून ठेवलं. जहाज पाण्याखाली जात असताना जॅकेटं एकेक करून वर तरंगत आली आणि पाण्यातल्या माणसांच्या हाती लागली. तो स्वतः वर आला नाही. त्याला मरणोत्तर पदक मिळायला २००० साल उजाडलं. पुढे दलाच्या एका नव्या जहाजाला त्याचं नाव दिलं. 'ब्लॅकथॉर्न' वर काढलं आणि नंतर माशांना आसरा म्हणून आखातात पुन्हा बुडवलं.

२०१७ साली आपल्याच वेणा जलाशयात बोट उलटून तरुण मुलं गेली. त्यांच्या घरची माणसं आजही याच जिल्ह्यात राहतात. प्रशासनाला माझी हात जोडून विनंती आहे. बोटी चालतात त्या प्रत्येक तलावावर जॅकेटं काठावर, उघड्या खुंट्यांवर टांगलेली असावीत, आणि लहान मुलांच्या मापाचीही असावीत. येत्या रविवारी मी नातवाला घेऊन पुन्हा जाणार आहे. खुंटीवर त्याच्या मापाचं जॅकेट दिसलं, तरच त्याला बोटीत बसवीन.

आपला,
एक निवृत्त खलाशी,
सक्करदरा, नागपूर