आईच्या कात्रीबद्दल

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र नेहमीसारखं तुम्हीच आईला वाचून दाखवा, फक्त मध्ये थांबू नका. फोनवर सांगणार होते. तीनदा लावलाही. तिन्ही वेळा पाणी कधी आलं, गोळ्या संपल्या का, एवढंच बोलून ठेवला.

आई, तुझी कात्री गेली. माझ्या हातून गेली.

संक्रांतीला सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला आलो होतो, तेव्हा तू विचारलंस, "कात्री आणलीस का गं? धार लावून घिऊ की." मी म्हटलं, पुण्यात राहिली. तेव्हा ती जाऊन दोन महिने झाले होते. त्या संध्याकाळी गर्दीत सातही नंदीध्वज समोरून गेले, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं गेली, धाकटी बाबांच्या खांद्यावरून हात जोडत होती, आणि मला मात्र तुझ्याकडे मान वळवून बघवत नव्हतं. सिद्धेश्वराच्या दारात तुझ्याशी खोटं बोलले, ते त्या दिवसापासून खुपतंय.

झालं असं. नोव्हेंबरमध्ये ऑफिसच्या कामाला दिल्लीला निघाले होते. आदल्या रात्री धाकटीच्या शाळेचा कागदी कंदील कापायला बसलो, आवरता आवरता कात्री लॅपटॉपच्या बॅगेत गेली. विमानतळावर बॅग तपासताना ती निघाली. कात्री आत नेता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तिथला माणूस नीट बोलला. म्हणाला, मागे जाऊन मोठ्या सामानात टाका, नाहीतर इथंच ठेवा. मागे गेले असते तर विमान चुकलं असतं. साहेब पुढे जाऊन उभे होते, दुपारची बैठक होती. मी कात्री तिथल्या ट्रेमध्ये ठेवली आणि पुढे गेले.

कुणी हिसकावून घेतली नाही, आई. मी ठेवून आले. दोन दिवसांनी परत आल्यावर तिथे जाऊन विचारलं, अर्ज लिहून दिला. अशा वस्तू ठेवत नाहीत, असं सांगितलं. अशा वस्तू! त्यांच्या लेखी ती एक गंजकी, एका मुठीला सूत गुंडाळलेली कात्री होती. त्यांनी तरी काय ओळखावं.

ते सूत बाबांनी गुंडाळलेलं. तुझा अंगठा सोलवटून निघायचा, म्हणून गिरणीतलं तुटकं सूत आणून त्यांनी ती मूठ गच्च बांधून दिली होती. बाबा, तुम्हाला आठवतं का? पांढरं सूत होतं, पण मला आठवतं तेव्हापासून ते तंबाखूच्या रंगाचं झालेलं. धार लावून लावून एक पातं दुसऱ्यापेक्षा बोटभर अरुंद झालं होतं. मधला खिळा ढिला झाला की तुम्ही पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकायचात. पुण्यात तो ढिला झाला तेव्हा मी वरवंटा शोधत फिरले होते.

आपल्या पूर्व भागातल्या त्या खोलीत मी तिच्या आवाजाने जागी व्हायचे. रात्री विडीची पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली असायची. पहाटे उठून तू पत्र्याचं माप पानावर ठेवायचीस आणि भराभरा कापायचीस. पाण्याची पाळी असली की हंडे भरून आल्यावर. शेजारच्या अक्काही तेव्हाच बसायच्या, त्यांच्या तेलुगू गप्पा आणि दोन घरच्या दोन कात्र्या. डोळे मिटून मी सांगायचे, ही आपली, ती त्यांची. आपली जरा जाड वाजायची. मग दिवसभर सूप मांडीवर, पान, तंबाखू, वळलं, टोक दुमडलं, दोरा बांधला. संध्याकाळी विड्या घेऊन कारखान्यात जायचं आणि तिथे नापास करून बाजूला काढलेल्या विड्यांसाठी मान खाली घालून उभं राहायचं. घरी येऊन तू कुणावर चिडायची नाहीस. कात्रीच जरा जोरात चालायची.

मी तिसरीत असताना बाबांची गिरणी बंद पडली. त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही, आजही बोलत नाही. मला एवढंच माहीत आहे की नंतर कितीतरी महिने आपलं घर त्या कात्रीवर चाललं. माझा शाळेचा फ्रॉक तिनेच बेतला. दादाच्या वह्यांना कव्हरं तिनेच कापली. विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची, तिच्या फॉर्मवर लावायचे माझे फोटो तू तिनेच कापलेस, कान जरा जास्तच कापला गेला म्हणून हळहळलीस. २००६ मध्ये कुंभारीची दहा हजार घरं विडी कामगार बायकांना मिळाली. युनियनच्या आडम मास्तरांच्या मागे तू किती मोर्चे चाललीस, ते तुलाच ठाऊक. पंतप्रधान मनमोहनसिंग आले होते, त्या दिवशी तू नवं लुगडं नेसली होतीस. नव्या घरात पहिलं काय ठेवलंस? देव, मग चूल, मग सूप आणि कात्री.

हिशेबाचं काम करते, त्यामुळे परवा रात्री झोप येईना तेव्हा हिशेब मांडला. रोज हजार विड्या व्हायच्या असं तू सांगतेस, पण आजारपणं, सण, पानं खराब येणं धरून ७०० च धरते. महिन्याचे २५ दिवस. वर्षाला २ लाख १० हजार. तू ती कात्री २२ वर्षं चालवलीस. ४६ लाख २० हजार पानं, आणि प्रत्येक पानाला तीन-चार वेळा ती उघडायची, मिटायची. आकडा लिहिला आणि पुढे काही सुचेना.

ह्यांना सांगितलं. ते चांगलेच आहेत, त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवी कात्री आणून टेबलावर ठेवली. मला त्यांचा राग आला आणि मग रागाचंच वाईट वाटलं. एका लोखंडाच्या कात्रीसाठी कुणी रडतं का, असं कुणी म्हणालं नाही, पण मीच मला चार वेळा विचारलं. माणूस गेलं की लोक भेटायला येतात, तेरावा होतो, बोलायला जागा असते. वस्तूचं दुःख कुणाकडे घेऊन जायचं? आंघोळ करताना रडले. दिल्लीत त्या दिवशी बैठकीत बसले होते तेव्हा माझा हात सारखा बॅगेच्या त्याच कप्प्यात जात होता.

आणखी एक सांगायचंय, ते सगळ्यात अवघड आहे. तुझं त्या कात्रीवर प्रेम होतं का, हे मी तुला कधी विचारलंच नाही. मी ती माझ्या टेबलावर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने दाखवत होते. तुझ्यासाठी ती काय होती? दुखणारी पाठ, वाकडा झालेला अंगठा, थंडीत न थांबणारा खोकला. मी नेते म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "ने की बाई, माझ्या डोळ्यापुढनं गेली तर बरंच." मी ते हसण्यावारी नेलं होतं. कदाचित तू खरंच बोलत होतीस. तसं असेल तर सांग, मला वाईट वाटणार नाही. तुला सुटल्यासारखं वाटत असेल आणि मला पोरकं वाटत असेल, तरी दोन्ही आपल्याच घरातलं आहे.

पण मला का पोरकं वाटतं, तेही ऐक. तुझा हात मी जेवढा वेळ धरला, त्याहून जास्त वेळ त्या सुताच्या मुठीने धरला. त्या मुठीत तुझ्या अंगठ्याचा खळगा होता. माझा अंगठा त्यात बसायचा नाही, जरा मोठाच आहे माझा, बाबांवर गेलाय. तरी परीक्षेच्या दिवसांत, बाळंतपणानंतर, नोकरी सुटली तेव्हा, मी त्या खळग्यात अंगठा ठेवून बसायचे. तुम्ही दोघं थकत चाललात, फोनवर आवाज बारीक येतो. तेव्हा वाटायचं, काही झालं तरी हे एवढं माझ्यापाशी राहील. तेच मी ट्रेमध्ये ठेवून आले. म्हणून इतके दिवस तोंड उघडलं नाही.

तू ती मला हातात दिली नव्हतीस. कात्री हातात दिली की भांडण होतं म्हणून फरशीवर ठेवलीस आणि म्हणालीस, आता उचल. मी वाकून उचलली, तेव्हा तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास.

मला रागव, आई. "जाऊ दे की, लोखंडच होतं" असं एवढ्यात म्हणू नकोस.

धाकटीची परीक्षा संपली की हुतात्मा एक्स्प्रेसने येतो. बाबा, शेंगाचटणी करून ठेवू नका, आईला कुटायला लावता तुम्ही, मी आल्यावर करेन. आणि एक काम करा. पलंगाखालच्या ट्रंकेत जुन्या कार्डांच्या पिशवीत आईचं ते पानाचं पत्र्याचं माप असेल. एक कोपरा वाकलेला आहे. मिळालं तर घासूनपुसून ठेवू नका, जसं आहे तसंच राहू द्या. आईला द्यायचं असेल तर देऊ दे, नको वाटलं तर नको. द्यायचं ठरवलंस, आई, तर फरशीवर ठेव. मी येऊन उचलेन.

तुमची,
ताई